किल्टखालचे मोजे

न्हाय, लाल नको म्हटलं की, संगमेशआण्णा, एवढ्या खेळाच्या दुकानात दुसरा रंग न्हाय व्हय? — लाल पलीकडच्या तालमीच्या फुटबॉल टीमचा रंग, आणि वरात जाणार आमच्या पेठेतनं. फुटबॉलचा हंगाम संपला तरी पोरं अजून एकमेकांकडं सरळ बघत न्हाईत, त्यात नवरदेवच लाल स्टॉकिंग घालून निघाला तर अक्षतांच्या आधी दगडं पडतील. काळे? शुभकार्याला काळे? — बायडाआत्या मांडवातनं उठून जाईल. पांढरे चालत्यात, पण तिकडं नवरदेवाच्या देशात किल्ट भाड्यानं आणला की दुकानदार संगं पांढरेच देतो म्हणं — बघणाऱ्याला वाटायचं, ह्याच्या अंगावरचं बी उसनं. त्याचा किल्ट आज्याचा हाय. हातातल्या पिशवीतनं आणला म्हणून वाचला, मोज्यांची बॅग विमानवाल्यांनी कुठं टाकली देव जाणे. किल्ट म्हंजे — हसू नका, समदे हसत्यात — तिकडच्या बाप्यांचं लोकरीचं घोळदार चौकडीचं वस्त्र, गुडघ्यापतुर. खाली लांब मोजे, वर दुमडलेले. न्हाय, बसत न्हाय मी, चा बी नको.

कुणाचा नवरा? आमच्या गल्लीतल्या पोरीचा. ओळखीचं घर, म्हणून आलो. मोठ्या कार्याला किल्टमधलाच एक रंग मोज्याला धरायचा असतो — हिरवा हाय त्यात, गडद — मला कसं ठाऊक? मोबाईलवर दोन दिवस तेच बघतोय की — न्हाय, म्हंजे सहज. अनुनं आईला फोटो पाठवलेला, मी आपला मागनं बघितला… व्हय. माझीच पोरगी. झालं समाधान? आणि मी सांगितलंया घरात, त्या मांडवात पाय ठेवणार न्हाय. न्हाईच ठेवणार. आमचा थोरला भाऊ, हंबीरराव, म्हणतोय पोराच्या बाजूनं आलंय कोण? कोण न्हाय आलं — बाप न्हाय, आई अंथरुणाला. आज्याचा किल्ट तेवढा आला. आणि काल ते पोरगं म्हणतंय, मोजे न्हाईत तर किल्ट राहू दे, शेरवानी घालतो, तुमचे लोक हसायला नकोत. बायकोनं सांगितलं तवा लई वाईट वाटलं मला. आमचे लोक हसत्यात म्हणून त्यानं आज्याला पिशवीत ठेवायचं व्हय?

ते काढा, बॉटल ग्रीन. वर पांढरे पट्टे हायत — असूदेत, दुमडलं की पट्टे आत जात्यात. असं. ताणून बघतो, पोटऱ्या दांडग्या हायत त्याच्या, हाफबॅकला उभा केला असता तर… जाऊ दे. बांधा. आणि हॉलवर पाठवा कुणाला तरी, संध्याकाळच्या आत, अनुजाच्या हातात द्यायचं. माझं नाव सांगायचं न्हाय. — माणूस न्हाय? एवढं दुकान आणि पाठवायला एक माणूस न्हाय? मी? मी कसा जाऊ, अंगावर बघा की काय हाय माझ्या, रानातनं आल्यागत… पोरीच्या बापानं असं जायचं असतं व्हय?

द्या हिकडं ते. फेटा बांधणारा कुठं बसतो हिथं जवळ? — बघताय काय आण्णा, विचारलं तेवढं सांगा.