वाढलेली दाढी

मल्हार : हा नवा रेझर दाबायचा नाही म्हणतात, अप्पा. नुसता गालावर ठेवायचा. स्वतःच्या वजनानंच चालतो.

संताजी : ठेव की मग. सांगत काय बसलास? बापाचा गाल हाय, पीण्या एरियातल्या माझ्या कारखान्यातलं लोखंड न्हाई.

मल्हार : मान जरा वर. हां. सकाळी स्वतःवर ट्राय केला तर हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं. पण शेव्ह काय क्लोज झाली! ते प्लॅस्टिकचे रेझर आता हातात घ्यावेसे वाटणार नाहीत.

संताजी : पुण्याची बायको केलास आणि बोलणं पण तिकडचं झालं. तुरटी लाव त्याला. आणि दे बघू इकडं तुझा रेझर. बरा हाय की. आटे चांगले पाडल्यात. लेथवर जन्म गेला माझा, बोट फिरवलं की कळतंय. पातं दोन्ही अंगाला सारखं बाहेर आलंय का बघितलास? एका बाजूला जास्त आलं की चावतंय.

मल्हार : नव्हतं बघितलं.

संताजी : सोडून परत घट्ट कर. हं, आता चालव. आवाज ऐक, वाळल्या गवतात विळा फिरल्यागत. चांगला घेतलास. पण आजच का?

मल्हार : म्हणजे?

संताजी : रोज मीटिंग म्हणून तोंड घासणारा तू. ह्या खेपेला एवढी दाढी वाढवलास. मी विचारलो तर म्हणालास, घरूनच काम हाय, कॅमेरा बंद हाय.

मल्हार : होतंच तसं.

संताजी : आणि माझी? माझा हात कापतोय म्हणून रोज ते चार्जिंगचं मशीन फिरवत हुतास माझ्या तोंडावर. एकदम बिघडलं म्हणालास.

मल्हार : बॅटरी गेली त्याची. म्हणून तर हा मागवला.

संताजी : काल बाथरुमात चार्जरला लावलेलं बघितलो. दिवा लागला हुता त्याचा.

मल्हार : हलू नका, अप्पा. पातं लागेल.

संताजी : तुझी आई तापात पण देवापुढं दिवा लावायची चुकली न्हाई कधी. ह्या खेपेला पाठ धरली म्हणून देव्हाऱ्याला पडदा लावून ठेवली. आणि काल वाकून वाकून सगळं घर धुऊन काढली. कोण गेलं, मल्हार?

(मल्हारचा हात थांबतो. अप्पांच्या अर्ध्या तोंडावर फेस तसाच राहतो.)

मल्हार : डॉक्टर म्हणाले होते, बायपासनंतर कसलाही धक्का नको.

संताजी : कोण गेलं विचारलो.

मल्हार : मोठे अप्पा.

संताजी : बरं.

मल्हार : खानापूरहून फोन आला तेव्हा आई म्हणाली, ह्यांना आत्ता सांगायचं नाही. मी हुबळीला मीटिंग म्हणून गेलो होतो ना, ते तिकडेच गेलो होतो. पण सख्ख्या थोरल्या भावाचं सुतक तुमच्याकडून मोडू नये, असं आईला वाटत होतं. म्हणून मशीन बिघडलं म्हणालो. निदान दाढी तरी वाढू दे त्यांची, असं म्हणाली ती.

संताजी : दाढी वाढली. पण मी हसत हुतो की रे. टीव्ही बघत हुतो. परवा शिरा मागून खाल्लो. सुतक काय नुसतं दाढीला असतंय?

मल्हार : चुकलं आमचं. रोज सांगायचं ठरवायचो आणि तुमचं तोंड बघितलं की जीभ उचलायची नाही. पण तुम्हाला संशय आला होता तर विचारलं का नाही?

संताजी : विचारलो न्हाई तवर, भावकीतलं कोणतरी लांबचं गेलं असंल म्हणता येतंय.

मल्हार : पुसू का फेस? राहू दे आजचं.

संताजी : न्हाई. पुरी कर. आणि मिशी पण काढ.

मल्हार : मिशी कशाला, अप्पा? तुम्हाला बिनमिशीचं मी कधी बघितलेलंच नाही. तिकडे दादानं काढली ना, तो मुलगा आहे त्यांचा.

संताजी : थोरला भाऊ बापाच्या जागी. बेंगळूरच्या गाडीत मला त्यानंच बसवला, गाडी सुटेपर्यंत खिडकीची गजं धरून उभा हुता. काढ. शेवटाला माझं नाव काढला हुता काय तो?

मल्हार : त्याच्या आधीच्या रविवारी फोन आला होता त्यांचा, दुपारी. संत्याला दे म्हणाले. तुम्ही जेवून आत पडला होतात. मी म्हटलं, झोपलेत, संध्याकाळी लावून देतो. आणि संध्याकाळी राहूनच गेलं. सगळ्यात जास्त तेच खातंय मला. तुम्हाला उठवायला पाहिजे होतं मी.

संताजी : तुझ्यावर घेऊ नकोस ते. मी जागा हुतो.

मल्हार : जागे होतात?

संताजी : सगळं ऐकत पडलो हुतो. माझ्या ऑपरेशनला बघायला आला न्हाई, त्याचा राग धरून बसलेलो. म्हटलं, करू दे की परत एकदा फोन.