रुळावरचे दोन नवरदेव

मंडळी, ऐका! आज एकच सवाल. पुढं जायचं असेल तर माणसानं काय करावं? सांगा! ते बघा, खांबाला टेकलेले काका हातानंच दाखवतात — 'घुसावं!' वा काका! आजचं आख्यान तुमच्यासाठीच आहे. पेटीवाले, सूर द्या... बास, एवढाच! पुढं रस्ता अरुंद आहे!

तर — चिंचखेडचं रेल्वे फाटक. लग्नसराईचे दिवस, ऊन मी म्हणतंय, आणि फाटक पडलेलं. फाटक पडलं की आपण काय करतो? रांगेत थांबतो? छे हो! डावीकडं रांग लागलेली असते, उजवी बाजू मोकळी दिसते, आणि आपल्या मनात येतं — 'अरेच्चा! ही मोकळी जागा एवढ्या लोकांत कुणालाच दिसली नाही?' म्हणजे देवानं डोळे फक्त आपल्यालाच दिले! मग घातली गाडी उजवीकडून, आणि लावली थेट फाटकाला नाक लावून!

तशी त्या दिवशी लागली एक फुलांनी सजवलेली गाडी. आत नवरदेव, वैजनाथ. मुंडावळ्या, हळद, घाम — सगळं एका चेहऱ्यावर! शेजारी त्याचा खंडूमामा. फेटा एवढा उंच, की मामा गाडीत वाकूनच बसलेला. मामाच ड्रायव्हरला म्हणाला, "घाल उजवीकडनं! नवरदेवाची गाडी आहे, कोण बोलतंय बघू!" बोललं कुणीच नाही. उलट सगळे मागोमाग आले! वऱ्हाडाची जीप आली, दुधाचा टेम्पो आला, एसटीसुद्धा आली!

आता फाटकापलीकडं काय शहाणी माणसं राहतात? तिकडंही तेच! तिकडंही उजवीकडून घुसलेली फुलांची गाडी, त्यातही नवरदेव! त्याचं नाव पुष्कर. बरोबर त्याची ठकूआत्या. वैजनाथचं कार्यालय फाटकापलीकडं, पुष्करचं अलीकडं. दोघांचे आईबाप आदल्या दिवशीच आपापल्या कार्यालयात पोचलेले, आणि मुहूर्त? एकच!

उघडलं फाटक! दोन्ही गाड्या सुसाट निघाल्या, दोघींनी रस्त्याच्या मधोमध मुसंडी मारली, आणि बरोब्बर रुळावर — नाकाला नाक! मागं दोन्हीकडं दोन सैन्यं, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत! कुरुक्षेत्र परवडलं हो, तिथं मधोमध रथ उभा करायला जागा तरी होती!

मामा उतरला. "ओ बाई, गाडी मागं घ्या!"

आत्या उतरली. "मागं? आमचा पुष्कर मारुतीला नारळ फोडून निघालाय. नवरदेव मागं फिरला तर संसार उलटा चालतो!"

"आमच्या वैजूनं पण नारळच फोडलाय, काकडी नाही!"

झालं! बसले दोघं आपापल्या बॉनेटवर. तेवढ्यात आली गाडी. आगगाडी हो! सिग्नलला थांबून शिट्ट्या मारायला लागली. मामा तिलाच ओरडतो, "थांब गं! शुभकार्य चाललंय!"

पुढं काय काय झालं म्हणता? टेम्पोतलं दूध नासलं. भेळवाल्याची टोपली रिकामी झाली. एसटीतल्या एका मुलाला शेजारच्या जीपमधली मुलगी दाखवून झाली! खिडकीतून खिडकीत! पोहे नव्हते, भेळेवर भागवलं. पसंतीसुद्धा आली! म्हणजे तिसरं लग्न ठरलं, पण ही दोन लागेनात!

हसताय? हसा. पण त्याच गर्दीत एका रिक्षात एक म्हातारबाबा होते. छातीत दुखत होतं, दवाखान्यात निघालेले. रिक्षावाला जीव तोडून हॉर्न वाजवत होता. पण वाजवत तर सगळेच होते! त्यातला खरा हॉर्न कुणी ओळखायचा? मंडळी, मला ह्याचंच फार वाईट वाटतं.

इकडं वैजनाथला फोन आला. कुणाचा? नवरीचा, सुवर्णाचा! "अहो, कुठाय तुम्ही? भटजी म्हणतात, ही वेळ टळली तर दिवाळीनंतरच मुहूर्त!"

वैजनाथ रडकुंडीला. "गाडी अडकलीय गं."

"मला गाडीशी लग्न लावायचंय का तुमच्याशी? उतरा खाली!"

उतरला बिचारा! रुळावर येतो तर समोरून दुसरा मुंडावळ्यावाला! त्यालाही फोन आलेला! दोघं एकमेकांकडं बघतात, आणि वैजनाथच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणाला, "तू माझ्या गाडीत बस, मी तुझ्या गाडीत बसतो."

आलं ध्यानात? पुष्करची गाडी मागं गेली तर आत बसलेला वैजनाथ कुठं जाणार? पुढं! त्याच्या लग्नाकडं! अहो, गाडी तीच, गिअर तोच. नुसता आतला माणूस बदलला, तर मागं जाणं हेच पुढं जाणं झालं! वेदान्त वेदान्त म्हणतात तो काय वेगळा असतो?

आणि आत्या! "सरका रे मागं! आपला पुष्कर नाही आत, आता खुशाल मागं घ्या!" मामाही तेच ओरडतो! जी माणसं बोटभर हलत नव्हती, ती भराभर मागं सरकली. रूळ मोकळे, आधी आगगाडी गेली. मग दोन्हीकडं एक एक बाजू सोडली, तशी रिक्षा सुटली. बाबा दवाखान्यात वेळेवर पोचले, वाचले!

वळायला जागा कुठली? सगळी वरात रिव्हर्समध्येच निघाली! वैजनाथ कार्यालयात पोचला तो पाठमोरा. गाडीवर फुलांची अक्षरं — 'पुष्कर आणि मनाली'! सुवर्णाचे आजोबा काठी घेऊनच धावले. "ही मनाली कोण रे?" समजूत घालता घालता मंगलाष्टकं सुरू झाली! वऱ्हाड सगळं पुष्करचं, मानाची साडी ठकूआत्याला, आणि ती तिथंही रुसली, काठ बारीक आहेत म्हणून! तिकडं खंडूमामा पुष्करच्या पंगतीत जिलबीवर आडवा हात मारतोय. कुणाला काही कमी पडलं? उलट दोन्ही लग्नं वेळेवर लागली!

तर मंडळी, सवालाचं उत्तर मिळालं. पुढं जायचंय? समोरच्याच्या गाडीत क्षणभर बसून बघा. मग मागं सरकायला लाज वाटत नाही. माना छान डोलताहेत तुमच्या! डोलू द्या.

पण आता गप्प बसा आणि कान द्या. बाहेर हॉर्न ऐकू येतोय? मघापासून वाजतोय. तो आपल्या प्रसादाचा टेम्पो आहे! गल्लीच्या तोंडाशी अडकलाय. आचारी शिरा घेऊन आत बसलाय, शिरा गार होतोय, कारण देवळासमोर गाड्या आडव्या लागल्यात. कुणाच्या?

बघा! सगळे शेजाऱ्याकडं बघायला लागले!

टाळ राहू द्या आज. काढा खिशातून आपापल्या किल्ल्या. हां! वाजवा आता, आणि म्हणा माझ्याबरोबर — विठ्ठल! विठ्ठल! विठ्ठल!

अहो, वाजवत काय बसलात? उठा!