न भरलेली कॉइल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय गणपतराव, व्यासपीठावरील पाहुणे, आपल्या इंजिन मेस्त्री संघाचे सर्व सभासद, आणि मागं सतरंजीवर बसलेल्या माझ्या बहिणींनो,

आपण मला शाल दिलीत, नारळ दिलात, आणि नजीराभाभींच्या बोटांत जादू आहे असं प्रत्येक वक्त्यानं सांगितलं. मी आभारी आहे. पण ही जादू आली कुठून? आमचे मालक, बाबालाल मेस्त्री, हे समोर बसलेत. इंजिनाच्या कॉइलीची तार केसाहून बारीक, त्यांच्या जाड बोटांत ती तुटायची. एक दिवस माझं शिलाईचं मशीन बघून म्हणाले, "ह्या चाकावर तू गुंडाळून बघ की." मी बघितलं. त्यानंतर त्या मशीनवर एखादं झंपर शिवल्याचं मला आठवत नाही.

ज्यांनी कॉइल भरली नाही त्यांना सांगते. एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताच्या चिमटीत तार धरायची, वेढ्याला वेढा लावत जायचं, थर झाला की वर कागद घालायचा. मध्येच उठलं की तार सैल पडते, वेढे एकमेकांवर चढतात, आणि सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. म्हणून माझं दूध उतू गेलं की शेजारच्या चिमणाबाई धावायच्या. आल्यात का त्या? शाल खरं तर त्यांना द्यायला हवी.

बहात्तरच्या दुष्काळात नदीवरची पाणी उपसायची सगळी छोटी इंजिनं आमच्याच दारात. "भाभी, पाणी तुटलंय, ऊस वाळाय लागलाय. एवढी भरून द्या." याला नाही कसं म्हणायचं? खोटं बोलणार नाही, भरलेल्या कॉइलीतून निळी ठिणगी उडाली की मला फार आनंद व्हायचा. त्या आनंदानं आणि तुमच्या कौतुकानंच मला चाकापाशी बसवून ठेवलं. पन्हाळ्याला माझी थोरली बहीण, सुलतानबी आपा, एकटी राहते. आमच्या माडीवरून पन्हाळा दिसतो. कितीदा मी बुरखा घालून निघाले आणि दारात कोणीतरी कॉइल घेऊन उभं. बुरखा पुन्हा खुंटीला, आणि मी चाकाला. जीव गुदमरायचा माझा. पण तक्रार कुणाची करणार, सगळे चांगलंच बोलत होते.

आता आपाचं चालणं थांबलंय, म्हणून आम्ही दोघं तिच्याकडे राहायला निघालोय. मला वाटलं, हा निरोप आहे. मघाशी गणपतरावांनी भेटवस्तूवरचं फडकं काढलं, तर खाली तार गुंडाळायचं नवं कोरं यंत्र. केरबा कंडक्टर उठून म्हणाले, "काळजी करू नगासा भाभी, रोजच्या गाडीनं कॉइली पोचवतो की." आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

अध्यक्ष महाराज, आज येताना दारातच आपण माझ्या हातात एक पुडकं दिलंत. "शेवटची एवढी भरून द्या, सवडीनं," म्हणालात. ते या पिशवीत आहे. ही आपली कॉइल, आपल्या पुढ्यात ठेवते. भरलेली नाही. माझ्या हातून अशी परत जाणारी ही पहिलीच. यंत्र संघाकडंच राहू द्या. पन्हाळ्याला जो येईल त्याला शिकवीन. भरून देणार न्हाय. बघताय काय, घ्या की ती.

आपण मला प्रेमानं बोलावलंत, मान दिलात, याची जाण मला आहे. बोलताना तोल सुटला असेल, कुणाला लागलं असेल, तर घरचीच म्हणून पोटात घाला. पन्हाळ्याची गाडी सुटायची वेळ झाली.

मालक, ट्रंक उचला.