टोरांटो ते नागपूर, पंधरा तास

प्रेमानंद : बर्फाच्या पेटीले हात लावू नको, भावना! रजत आल्याबिगर वयनीले कोणी उचलणार नाही.

भावना : कोणत्या विमानानं येऊन राहिला तो, काका?

प्रेमानंद : हे पाय, मोबाईलात. सकाळीच घरच्या ग्रुपवर तिकिटाचा फोटो टाकला त्यानं. टोरांटो ते नागपूर, बारा हजार किलोमीटर, पंधरा तास. आता वर ढगात असन लेकरू.

भावना : वा! टोरांटोहून उडवून थेट सोनेगावच्या विमानतळावर उतरवलं तुम्ही. असं विमान आहे तरी काय?

प्रेमानंद : तिकिटावर छापलं ना! मले काय वाचता येत नाही?

भावना : हे तिकीट होय? नाव कुठे आहे याच्यावर त्याचं? मोबाईलमध्ये दोन गावांचं अंतर कोणीही पाहू शकते असं. चंद्राचंही अंतर दाखवते तो. निघू काय मंग चंद्रावर?

प्रेमानंद : लय जबान चालते तुही. सख्ख्या भावाची अशी इज्जत काढते? मायले अग्नी लेकानंच द्यावा.

भावना : अरे बाप्पा! अन् वस्तीत माईक धरून बावीस प्रतिज्ञा कोण म्हणवून घेते? तुम्हीच ना? घरात मयत झाली का लगेच पोट्टाच पाहिजे! धंतोलीच्या दवाखान्यात तिचं हागणं-मुतणं काढाले माहे हात चालले. अग्नी द्याले नाही चालत?

प्रेमानंद : लोक काय म्हणतीन वं?

भावना : सकाळपासून लोकांलेच चहा पाजून राहिली मी. लावा त्याले फोन. स्पीकरवर लावा. उचलला तर समजा, ढगात नाही.

रजत : हॅलो, काका...

प्रेमानंद : रजत? अबे, विमानात फोन लागते काय?

रजत : विमानात? नाही काका, घरीच आहे मी. किती वेळ लागतो तेच पाहत होतो. सुटीचं जरा कठीण आहे हो इथे. तुम्ही उरकून घ्या. व्हिडिओ कॉल तेवढा लावा.

(प्रेमानंद फोन कापतात.)

प्रेमानंद : पाहत होता म्हणे! बारा हजार किलोमीटर पाह्यले अन् खुर्चीवरून हालला नाही, नालायक! अन् मी वस्तीभर सांगत सुटलो, पोट्टा निघाला म्हणून.

भावना : तुम्ही एकले नाही, काका. आई भरती होती तवाही त्यानं हाच फोटो धाडला होता. तिनं साऱ्या वार्डाले दाखवला. नर्सबाईले, बाजूच्या खाटेवरच्या इंदुताईले. म्हणे, "माह्या रजतचं तिकीट."

प्रेमानंद : अन् तू? मले तर भरल्या घरात सुनावलं. तिले काहून नाही सांगितलं?

भावना : तो फोटो पाहून फोन उशाखाली घेतला का झोप लागत होती तिले.

प्रेमानंद : ...पाणी पी थोडं. मी पोट्ट्यांले सांगतो पेटी उघडाले. तिरडीच्या पुढे तू चाल.