दादाचं वजन

तुम्ही सगळे माझ्या दादाच्या पोटावर हसायचात ना? त्याच पोटानं माझा जीव वाचवला, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

शेंद्र्याला एका कारखान्यामागच्या टेकाडावरचं गवत कापायचं काम आम्ही दोघं भाऊ करायचो. आमच्या मिनी ट्रॅक्टरला मागं गवत कापायचं यंत्र जोडलेलं. दादाचा नियम एकच होता. उतारावर ट्रॅक्टर सरळ वर-खाली चालवायचा, आडवा कधीच नाही. मला मात्र घाई. एकदा तो पाणी प्यायला बसला अन् मी ट्रॅक्टर आडवा घातला.

अर्ध्या वाटेत वरच्या बाजूचं चाक उचललं गेलं. तेवढ्यात दादा धावत आला आणि त्या बाजूच्या मडगार्डला अख्ख्या अंगानं लटकला. चाक धप्पकन खाली टेकलं.

"स्टेअरिंग उताराकडं फिरव, येड्या!"

खाली सपाटीला पोचलो. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. दादा धापा टाकत म्हणाला, "घरी गेल्यावर तुझ्या वहिनीला सांग, या पोटामुळं तू वाचला म्हणून. लई दिवस झाले, तिनं माझा भात बंद केलाय."

दादाला जाऊन आज अठरा दिवस झाले. काल पहिल्यांदा त्या टेकाडावर एकटा गेलो. सरळ वर, सरळ खाली. कारखान्याचा सुपरवायझर ओरडला, "अरे, आडवा चालव की, लवकर उरकंल!"

मी म्हणालो, "आडवा चालवायला दादा लागतो, साहेब."