हातावर पाणी घालणारे लुकोंदे

सभेचे अध्यक्ष आणि आमचे पाळक आदरणीय चिसांगा, व्यासपीठावर बसलेले मंडळीचे वडीलजन, किट्वेतल्या इतर मंडळ्यांतून आलेले पाहुणे, महिला मंडळातल्या माझ्या भगिनी, गायनवृंदातली पोरं-पोरी, वुसाकिलेतले शेजारी, आणि आयुष्यात पहिल्यांदाच टाय बांधल्यामुळे मघापासून मान वळवू न शकणारे आमचे बा लुकोंदे, आपणां सर्वांना प्रभूच्या नावाने माझा नमस्कार.

पाळकांनी मला बजावलंय, ‘म्वापेची आई, थोडक्यात आटपा.’ थोडक्यातच हवं होतं तर मला कशाला उभं केलं? (हसू नका. खिचडी करपवणाऱ्या बाईला चुलीपाशी बसवलं की वास येणारच.)

आज आठवण येते ती चर्चच्या जुन्या पत्र्याच्या छपराची. तेव्हा या सभागृहाच्या जागी नुसती पडवी होती. गुरुवारच्या उपासनेनंतर तिथं आम्ही बायका मक्याच्या पिठाची घट्ट उब्वाली घोटायचो, सोबत सुकी मासळी, कधी दाण्याच्या कुटातली भाजी. बस स्थानकावर झोपणारी माणसं जेवायला यायची. त्यांच्यात एक होता, गुडघ्याशी फाटलेली विजार, आणि अंगाला काचासु दारूचा असा भपकारा की डोळ्यांत पाणी यावं. कधीकाळी खाणीत इंजिन चालवणारा माणूस. आधी दारू आली, मग नोकरी गेली, मग बायको पोरीला घेऊन माहेरी गेली, आणि शेवटी घरमालकानं खाट बाहेर काढली. हे सगळं मी बा लुकोंदेंच्या देखत बोलतेय, कारण ते स्वतःच दर गुरुवारी नव्या माणसांना सांगतात. माझ्यापेक्षा रंगवून सांगतात.

आम्हां बायकांत सगळ्यात थोरली, चेवेची आई, आज असायला हवी होती. प्रभूकडे जाऊन बसली बिचारी. आपल्याकडे जेवणाआधी हातावर पाणी घालायचं काम घरातल्या धाकट्याचं, हे का मी तुम्हाला सांगायला हवं? तर एका गुरुवारी चेवेची आई, एवढी वयस्कर बाई, तांब्या घेऊन या माणसापुढे गुडघ्यावर बसली. आणि याला रडू फुटलं. म्हणाला, ‘मावशी, उठा हो, लाज वाटते.’ ती म्हणाली, ‘लाज वाटते ना? मग धर तांब्या. आतापासून तू घाल.’

धरला तर खरा, पण हात असा थरथरायचा की निम्मं पाणी पाहुण्यांच्या पायावर. मी तक्रार केली. चेवेची आई म्हणाली, ‘अगं, सांडू दे. आजवर पेल्यातला थेंब सांडला नाही त्यानं, पाणी तरी सांडू दे.’

आता कुणाला वाटेल, तांब्या धरला आणि माणूस सुधारला. इतकं सोपं असतं तर पाळकांनी तांब्यांचं दुकानच काढलं असतं! ऐन ईस्टरच्या दिवशी हे महाशय फाटकात आडवे पडले होते. आपण सारे येशू उठल्याची गाणी म्हणतोय, आणि याला उठवायला चौघं लागले. शुद्धीवर आल्यावर पाळकांना म्हणाले, ‘मला प्रार्थना येत नाही.’ पाळक म्हणाले, ‘देवा, संध्याकाळपर्यंत सांभाळ, एवढंच म्हण. संध्याकाळी पुन्हा मागू.’ तेवढंच मागत मागत हा माणूस इथवर आला. पुढे बस स्थानकावर जाऊन तिथल्या लोकांना हाताला धरून आणू लागला, आणि प्रत्येकाच्या हातावर स्वतः पाणी घालू लागला. एक थेंब बाहेर नाही.

मग फिरीच्या आजीची माती झाली. मातीला आलेल्यांचं जेवण याच आवारात होतं. सोल्वेझीहून त्यांच्या नात्यातली एक बाई आली होती. शेजारणीशी बोलता बोलता, वर न बघताच तिनं लुकोंदेंच्या तांब्याखाली हात धरले, आणि म्हणाली, ‘पुरे, ताता.’

बापाला म्हणतो तसंच आपण रस्त्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला ताता म्हणतो. पण लुकोंदेंनी हात ओळखले होते, आणि त्यांना वाटलं, पोरीनंही ओळखलं. पाणी थांबेचना! ‘अहो, पुरे म्हटलं ना, माझं लुगडं भिजलं!’ म्हणून ती खेकसली, वर बघितलं, आणि झटकन हात मागे घेतले.

ती त्यांची लेक, कासुबा. आम्हाला वाटलं, आता गळ्यात पडेल. नाही पडली. हात पुसले, आणि न जेवता उठली. मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘मावशी, मी माझ्या लेकीला सांगून बसलेय, आजोबा खाणीत मेले. आता काय करू?’ मी तिला उब्वाली बांधून दिली.

त्यानंतर ती अधूनमधून यायची. साबण आणायची, साखर आणायची, आणि फाटकात उभी राहून बापाच्या तोंडाचा वास घ्यायची. हेही निमूट तोंड पुढे करायचे. पण घरी चला, असं तिनं कधी म्हटलं नाही. मी यांना टोचायची, ‘अहो, नातीला बघायचंय म्हणून एकदा विचारा की!’ तर म्हणायचे, ‘मेलेल्या माणसानं हट्ट धरायचा नसतो, म्वापेची आई.’

आणि गेल्या रविवारी, उपासना सुटल्यावर, कासुबा आली ती लेकीचा हात धरूनच. पोरगी सरळ यांच्यापुढे उभी राहिली, खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि सगळ्या मंडळीदेखत विचारलं, ‘तुम्ही तर मेला होतात ना?’

कासुबानं मान खाली घातली. लुकोंदे हळूच खाली बसले आणि म्हणाले, ‘हो बाळा, मेलो होतो. आई खोटं बोलली नाही.’

‘मग?’

‘मग या बायकांनी जेवायला उठवलं.’

कासुबानं तिथंच हंबरडा फोडला. उद्या सकाळच्या गाडीनं ती त्यांना सोल्वेझीला नेतेय. बा लुकोंदे, तुमच्यावाचून आम्हाला करमणार नाही, हे तोंडावर सांगते. पण राहा म्हणणार नाही. जा, आणि तिथल्या मंडळीतही कुणाला तरी उठवा.

अध्यक्ष महाराज, बोलायची संधी दिलीत, आपली आभारी आहे. स्वयंपाकघरातल्या भगिनींची, आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हां सर्वांचीही आभारी आहे. कुणाला शब्द लागला असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर बाईमाणूस भरात बोलून गेली असं समजून पदरात घ्या. आणि एक विनंती, टाळ्या जरा हळू वाजवा. पोरगी आजोबांच्या मांडीवर झोपली आहे.