राहुकाळातली फायनल

मला एक सांगा, रविवारी साडेचार वाजता कुणी फायनल ठेवतं का हो? मी ठेवली! मी, जी दूधवाला बदलायचा तरी पंचांग उघडते! त्याचं काय झालं, स्पर्धा सुरू करायची वेळ मी इतकी बारकाईनं काढली, इतकी बारकाईनं, की ती संपणार कधी हे बघायचंच राहून गेलं... आता काळवेळ बघू नये का माणसानं?

पहिल्यापासून सांगते. आमच्या ह्यांचा, म्हणजे त्यागराजरावांचा, राजवाड्यामागच्या गल्लीत बिलियर्ड्सचा हॉल आहे. हॉल म्हणायचं आपलं, दोन पूल टेबलं आणि एक पंखा. आमची अखिला कोइमतूरला बँकेत, ती गेली दोन वर्षं म्हणतेय, "अम्मा, विका ती टेबलं आणि या दोघं माझ्याकडे." शेवटी बापलेकीत ठरलं, एक रविवार स्पर्धा घ्यायची. फायदा झाला तर हॉल राहील, नाही झाला तर सोमवारी टेबलं विकायची. आणि अखिला स्वतः येऊन बसली हो, वही घेऊन! ह्यांना तीन रात्री झोप नाही. मला? खरं सांगू? मला कोइमतूरला नातीजवळ जाऊन राहायचं होतं. पण ह्यांचं तोंड बघवेना, म्हणून मीही कंबर कसली.

माझा भाचा मुरली ह्या खेळातला. तो म्हणाला, "आत्या, प्रवेश फी सगळी बक्षिसात जाते. फायदा असतो तो माणसं थांबण्यात. हरलेला माणूस घरी गेला की आपण बुडालो!" म्हणून दोनदा हरल्याशिवाय बाहेर नाही असा नियम केला, एक टेबल स्पर्धेला, दुसरं तासाच्या भाड्यानं सरावाला, आणि दाराशी माझी कॉफी नि गरम तळलेले बोंडे. सोळा खेळाडू आले. तरी माणसं हरायची, अर्धा बोंडा तोंडात, अर्धा हातात, आणि निघाली घरी जेवायला! तीनपर्यंत अखिलाच्या वहीत सगळा खर्चच. हे भिंतीला टेकून खडू चोळताहेत, क्यूच्या काठीला नाही, स्वतःच्या बोटांना!

आणि वाजले साडेचार. फायनलला दोघं. एक तुळजाजी, टेलिफोन ऑफिसातून रिटायर झालेले, आमच्यातलेच, घरी मराठी बोलणारे. दुसरा श्रीहर्ष, इंजिनिअरिंगचा पोरगा, सकाळपासून सगळ्यांना, "अण्णा, घरी जाऊन झोपा!" म्हणणारा. मुरलीनं बॉल रचले, तुळजाजी वाकले, घड्याळाकडे बघितलं... आणि क्यू भिंतीला लावून ठेवला.

"वैनी, राहुकाळ लागला. पहिला फटका मी सहानंतर मारीन."

हे कळवळले, "अहो तुळजाजी, त्या बॉलला कळतो का राहुकाळ?"

"त्याला कळत नाही, म्हणूनच आपण सांभाळायचं!"

मी श्रीहर्षकडे बघितलं. म्हटलं, आजकालचा पोरगा, हा ऐकायचा नाही. तो काय म्हणतो, "अक्का, माझी उद्यापासून परीक्षा आहे. कशाला उगीच?"

झालं! बघायला आलेली माणसं चपला शोधायला लागली. ह्यांचा चेहरा पांढरा. अखिलानं वही मिटली. आणि चूक कुणाची? माझी! पण मला सांगा, काळवेळ बघू नये का माणसानं?

तेवढ्यात वासुकी, हा सकाळीच दोनदा हरलेला, हळूच विचारतो, "अक्का, सरावाचं टेबल सकाळपासून चालूच आहे. त्यावर आत्ता खेळलेलं चालतं का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले, जशी काही मी मठातनं आलेय. मी म्हटलं, "हे बघा, राहुकाळात नवीन काही सुरू करायचं नाही. चालू असलेलं थांबवत नाहीत. लग्नाच्या स्वयंपाकात राहुकाळ लागला म्हणून आपण चूल विझवतो का?"

अहो, मी आपलं मनापासून सांगितलं, पण माझं वाक्य संपायच्या आत चपला परत दाराशी! आता ते टेबल थांबलं तर पुन्हा सुरू करता येणार नाही ना, म्हणून एकाचा खेळ संपायच्या आत दुसरा क्यू धरून तयार, तिसरा त्याच्या मागे, आणि मुरली भाडं घेतोय. तुळजाजींनी सुद्धा रांग लावली! "वैनी, एकाचा खेळ संपेपर्यंत माझे दोन बोंडे संपतात, आणखी चार द्या." दीड तास! पीठ दोनदा कालवलं, कॉफीचं दूध तीनदा आणलं, आणि ते टेबल काही क्षणभर गप्प बसलं नाही.

सहा वाजता फायनल झाली. चार मिनिटांत संपली, तुळजाजी जिंकले, पण बघितलं कुणी? सगळे सरावाच्या रांगेत!

सातला अखिलानं वहीत बेरीज केली, पुन्हा केली, आणि बापाला म्हणाली, "अप्पा, तुमचा हॉल राहिला." ह्यांनी डोळे पुसले. मीही पुसले... माझे जरा वेगळ्या कारणानं. नातीसाठी लाडू करून ठेवले होते, ते म्हटलं स्वतः घेऊन जाईन, ते अखिलाच्या पिशवीत भरले. काय करणार? काळवेळ बघू नये का माणसानं?

दुसऱ्या दिवशी सकाळी अखिला एकटीच कोइमतूरच्या बसमध्ये बसली, आणि हे त्याच स्टँडवरून त्रिचीला जाऊन, फायद्याच्या पैशात तिसऱ्या टेबलाचा ॲडव्हान्स देऊन आले.